लोलये ते सदाशिवगड: आमच्या कागदांची गोष्ट

लोलये ते सदाशिवगड हे अंतर पहाटे निघालेल्या माणसाने ऊन तापायच्या आत चालून संपवावे एवढेच आहे. लोलये हे गोव्याच्या अगदी दक्षिण टोकाचे, काणकोण तालुक्यातले आमचे गाव, आणि सदाशिवगड हे माझे आजोळ, काळी नदीच्या उत्तर तीरावर, कारवारच्या समोर. मध्ये पोळे हे गोव्याच्या हद्दीतले शेवटचे गाव लागते आणि पलीकडे माजाळी. दोन्हीकडची माणसे घरात कोकणीच बोलत, देवळात मराठी अभंग म्हणत आणि एकमेकांच्या घरी मुली देत आली होती. माझी आई लग्न होऊन लोलयेला आली तेव्हा तिने एक सीमा ओलांडली होती हे खरे, पण ती सीमा नाक्यावरच्या दोन शिपायांपलीकडे तिला कधी जाणवली नव्हती. वर्षातून दोनदा ती माहेरी जाई, परतताना फणसाचे गरे आणि सुकी मासळी घेऊन येई. १९५४ नंतर हे सगळे बदलले, आणि पुढची सात वर्षे त्या तीन-चार तासांच्या वाटेसाठी तिला महिना-महिना कागद गोळा करावे लागले. त्या कागदांविषयी आणि त्यांच्या आडून आम्ही काय करत होतो त्याविषयी मी लिहीत आहे, कारण त्या वेळी त्यातले काहीच बाहेर बोलायचे नव्हते आणि आता ते सांगू शकणारी आमच्या घरात मी एकटीच उरले आहे.

माझे वडील मुंबईत, गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करत. गोव्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईला आणि बाकीचे कुटुंब गावी अशीच रचना होती, त्यामुळे त्यात कुणाला विशेष वाटत नसे. १९५४ च्या मे महिन्यात बाबा महिनाभर येऊन गेले तेव्हा मी चार वर्षांची होते आणि दादा सात वर्षांचा. त्या मुक्कामातले मला फक्त त्यांच्या बोटांच्या टोकांना असलेला काळा रंग आठवतो, जो कितीही वेळा हात धुतले तरी जात नसे. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातातून गेले, गोव्याच्या सीमांवर सत्याग्रहींच्या तुकड्या येऊ लागल्या, आणि बाबांच्या छापखान्यात रात्रीच्या वेळी गोव्याच्या मुक्तीची पत्रके छापली जाऊ लागली. पत्रकावर छापखान्याचे नाव नसे, पण मुंबईत गोवेकरांच्या वस्तीत कोण काय करतो हे लपून राहत नाही. १९५५ च्या पावसाळ्यात मुंबईहून आलेल्या गावच्याच एका माणसाने आजीला देवळाच्या मागे बोलावून सांगितले की तुमच्या मुलाचे नाव इथल्या पोलिसांच्या वहीत चढले आहे, त्याला इतक्यात येऊ देऊ नका.

त्यानंतर थोड्याच दिवसांत १५ ऑगस्ट १९५५ आला. गोव्याच्या उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, भारताने पणजीतली आपली वकिलात बंद केली, आगगाडी थांबली, मुंबईच्या आगबोटी थांबल्या आणि बाबांची मनीऑर्डर येणेही थांबले. भारत सरकारने लादलेली ती आर्थिक नाकेबंदी होती. तिच्यामागची कारणे मला आज पूर्णपणे पटतात, आणि बाबांना ती तेव्हाही पटत होती, पण बेळगावच्या मिरच्या-कांद्यांवर आणि मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घराला तिचा अर्थ वेगळ्या भाषेत कळत होता. बाजारात हॉलंडचे बटाटे आले आणि चार पैसे असलेल्या घरांत परदेशी घड्याळे दिसू लागली, पण आमच्याकडे मात्र आईने तिच्या दोन बांगड्या मडगावच्या सोनाराकडे नेल्या. आजीने परसातल्या माडांचे नारळ मोजून विकायला सुरुवात केली आणि त्या हिशेबासाठी दादाला एक वही दिली.

बाबा येऊ शकत नव्हते, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे जायचे असे आईने ठरवले. मुंबईला नाही, कारण तेवढे पैसेही नव्हते आणि आजीला एकटे सोडणे शक्य नव्हते. मुंबईहून पुण्यामार्गे हुबळीला आगगाडीने, तिथून मोटारीने अरबैल घाट उतरून कारवारला आणि तरीतून काळी नदी ओलांडून सदाशिवगडला बाबांनी यायचे, आणि इकडून आम्ही माहेरी म्हणून जायचे, असा तो बेत होता. नवऱ्याला भेटायला जाते असे सांगितले असते तर नवरा कोण, काय करतो, इथे का येत नाही, हे सगळे निघाले असते. माहेरी जायला मात्र बाईला कारण लागत नाही अशी आईची समजूत होती, आणि ती चुकीची निघाली, कारण कागदावर कारण लागतच होते. पहिल्या खेपेला, १९५७ मध्ये, ते कारण दुर्दैवाने खरेच मिळाले. आजोबांना अर्धांगाचा झटका आला.

त्या पहिल्या खेपेची सगळी पद्धत मला पाठ आहे, कारण पुढे प्रत्येक वेळी आई ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोठ्याने म्हणत असे, एखादे स्तोत्र म्हणावे तशी. आधी गावच्या रेजेदोराकडून, म्हणजे पोर्तुगीज सरकारने नेमलेल्या गावच्या अधिकाऱ्याकडून, रहिवासाचा दाखला घ्यायचा. मग पापेल सेलाद, म्हणजे स्टँपचा कागद, विकत घ्यायचा. तो कागद लिहून देणारा माणूस चावडीला, म्हणजे काणकोण तालुक्याच्या मुख्य गावी, बसे, आणि लोलयेहून चावडी म्हणजे जाऊन-येऊन एक दिवस मोडे. अर्ज पोर्तुगीजमध्येच हवा, आणि त्यात अर्जदाराने 'आदरपूर्वक विनंती' करावी लागे, ज्या वाक्याला आई कधीच अडली नाही, कारण तिला ते कळतच नव्हते. आईला मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण होते. अक्षर सुरेख होते, पण रोमन लिपीत तिला स्वतःचे नावसुद्धा लिहिता येत नव्हते. दुपारी पोर्तुगीज शाळेत जाणाऱ्या दादाने तिला तिच्या नावाची अकरा अक्षरे कोळशाने ओसरीवर काढून दाखवली आणि तिने ती शेणाने सारवलेल्या जमिनीवर काडीने आठवडाभर गिरवली. अंगठा उठवला असता तरी चालले असते. पण अंगठा उठवणाऱ्या बाईला कारकून दोन वेळा जास्त फेऱ्या मारायला लावतात असे तिने कुठेतरी ऐकले होते. फोटोसाठी मडगावला जावे लागले. त्या काळातला आईचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे. डोक्यावरून पदर घेतलेला, दोन्ही बाजूंना आम्ही दोघे, आणि तिघांच्याही डोळ्यांत उजेडाची भीती.

मग सालवकोंदुत, म्हणजे प्रवासाचा पास, मिळण्याची वाट पाहायची. पलीकडच्या बाजूची परवानगी वेगळी, ती मामाने कारवारच्या कचेऱ्यांत खेटे घालून काढायची, आणि दोन्ही परवानग्यांच्या तारखा एकमेकींना जुळायला हव्यात. एक हातात पडेपर्यंत दुसरीची मुदत संपली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्या खेपेला तसेच झाले. एका कचेरीतल्या कारकुनाने आमचा अर्ज सतरा दिवस ठेवून घेतला आणि अठराव्या दिवशी रेजेदोराच्या दाखल्यावरची तारीख जुनी झाली म्हणून परत केला. आई काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर एका वडाखाली ती बसली, आम्हाला शिदोरीतले पोहे दिले आणि स्वतः न खाता उठली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रेजेदोराच्या दारात उभी होती. आम्ही सदाशिवगडला पोहोचलो तेव्हा आजोबा जाऊन पाच दिवस झाले होते.

हे सांगताना माझ्या मनात आजही राग आहे. पण त्या घरात पाऊल टाकताच मला जे दिसले तेही सांगितले पाहिजे. माजघराच्या दारात एक उंच, बारीक माणूस उभा होता, ज्याच्या बोटांची टोके काळी होती. ते सासऱ्यांच्या दहाव्याला आले होते. आईने त्यांना पाहिले आणि ती रडू लागली. ते रडणे तिच्या बापासाठी होते की तीन वर्षांनी दिसलेल्या नवऱ्यासाठी, हे घरातल्या बायकांनी तिला विचारले नाही. मी सात वर्षांची होते. मी बाबांच्या जवळ जायला तासभर घेतला.

नाक्यावरून जाताना आम्हा मुलांना एकच नियम होता. पलीकडे कोण कोण आहे असे कुणी विचारले तर आजी, मामा आणि मावशी एवढीच नावे घ्यायची, आणि 'बाबा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पोळेच्या नाक्यावर बोचकी सोडावी लागत. कपडे, डबे, तांदळाची पुरचुंडी, सगळे एका बाकावर मांडले जाई. तिथे पाकले, म्हणजे गोरे पोर्तुगीज शिपाई असत, आमच्यातलेच गोवेकर शिपाई असत, आणि एकदा मोझांबिकहून आणलेला एक तरुण आफ्रिकी सैनिक होता. आमची बोली त्याला येत नव्हती, पण दादाच्या हातातला भोवरा घेऊन त्याने तो स्वतःच्या तळहातावर फिरवून दाखवला. तो इतका हसत होता की मला वाटले, हाही कुणाचा तरी दादा असणार. दोन नाक्यांमधला रिकामा पट्टा आम्ही पायीच ओलांडत असू. त्या पट्ट्यात आई कधीही मागे वळून पाहत नसे आणि आम्हालाही पाहू देत नसे. माजाळीला पुन्हा बोचकी सोडायची आणि पुन्हा बांधायची. तिथल्या शिपायांनाही 'बाबा' सांगायचे नव्हते. तिथे काही धोका होता म्हणून नव्हे. एका नाक्यावर खरे आणि दुसऱ्यावर खोटे बोलायची सवय मुलांना लागली तर एक दिवस त्यांचा गोंधळ होईल, असे आईचे म्हणणे होते. मुलांना वाढवण्याविषयी आईने त्या काळात जे काही ठरवले त्यातले हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

१९५७ नंतर आम्ही १९५८ च्या उन्हाळ्यात आणि १९६० च्या दिवाळीनंतर अशा आणखी दोन खेपा केल्या. बाबा कधी येणार हे कळवायचे कसे, हा प्रश्न होता. पत्र वाटेत फोडले जाईल या भीतीने बाबा स्वतःच्या नावाने काहीच लिहीत नसत. त्यांनी त्यांच्या धंद्यातलाच मार्ग काढला. मामाचे कारवारला किराणा मालाचे लहानसे दुकान होते, आणि त्याच्या छापील यादीचे, पावत्यांचे, दिनदर्शिकेच्या एका पानाचे काम बाबा मुंबईहून करून पाठवत. त्यातला एखादा कागद मामा कुणा पासवाल्या माणसाबरोबर आमच्याकडे धाडत असे. कागदाच्या चार कोपऱ्यांत साधी रेघ असली तर काही नाही. कोपऱ्यांत कोयरीची नक्षी असली तर बाबा येणार, आणि जितक्या कोपऱ्यांत कोयरी तितके आठवडे ते थांबू शकणार. एकाहून अधिक कोयऱ्या कधी आल्या नाहीत. आई तो कागद दिव्याजवळ धरून बघे, कोपऱ्यावर बोट ठेवून जरा वेळ बसे आणि मग पापेल सेलादसाठी नारळ विकायला काढी. मला वाचता येऊ लागले तेव्हा त्या याद्यांतली साबण, काड्यापेटी, शिकेकाई ही नावे मी अक्षरे न् अक्षरे वाचत असे. बाबांनी ते शब्द एकेक खिळा उचलून लावले आहेत, हे मला ठाऊक होते.

मधल्या वर्षांत गावात बरेच काही घडत होते. १९५८ मध्ये रुपये जाऊन एस्कुद येणार असे जाहीर झाले आणि एका रुपयाला सहा एस्कुद हा हिशेब आजीला कधीच जमला नाही. वाड्यावरच्या एका घरात रेडिओ होता, त्यावर रात्री आवाज अगदी बारीक करून गोव्याच्या मुक्तीसाठी चालवलेले केंद्र ऐकत. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे दोघे सीमेपलीकडच्या रानात राहून १९५५ च्या नोव्हेंबरपासून ते चालवत होते, हे आम्हाला पुढे कळले. तेव्हा तो नुसता एक आवाज होता, आणि तो ऐकताना मोठी माणसे मुलांना अंगणात पाठवून पहारा करायला लावत. माझे आजोळ तेवढ्यात मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले होते, त्यामुळे मामाकडे गेले की तिथे सगळे त्याच वादात असत, आणि आमच्या वादाला तिथे फारशी जागा नसे.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मामाच्या लग्नाची पत्रिका आली. ती बाबांनी छापली होती, हे पहिल्या ओळीतल्या गणपतीच्या चित्रावरूनच आईने ओळखले. चारही कोपऱ्यांत कोयऱ्या होत्या. आईला आधी वाटले की लग्नपत्रिकेला शोभा म्हणून लावल्या असतील. मग ती म्हणाली, ते शोभेसाठी खुणेचा खिळा वापरणार नाहीत. पण चार आठवड्यांची रजा त्यांना मिळणे शक्य नव्हते, हेही तिला ठाऊक होते. याचा अर्थ काय हे तिने आजीला विचारले, आणि आजी म्हणाली, त्याला काहीतरी कळले असेल, तू लवकर जा.

त्याच पत्रिकेचे पोर्तुगीज भाषांतर जोडून आईने अर्ज केला. इतक्या वर्षांच्या सरावाने तिचे काम आता पंधरवड्यात होत असे. ती कोणत्या दिवशी कोणता अधिकारी असतो हे जाणत होती, दोन प्रती आधीच करून ठेवत होती, आणि मुदतीच्या तारखा चुलीजवळच्या भिंतीवर गेरूने लिहून ठेवत होती. याच दिवसांत अंजदीवचा प्रकार झाला. कारवारसमोरच्या समुद्रातल्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या त्या बेटावरून १७ नोव्हेंबरला साबरमती या आगबोटीवर गोळीबार झाला आणि आठवडाभरात मासेमारी करणाऱ्यांवरही झाला, त्यात एक मच्छीमार मेला. माजाळी, कारवार, बिणगे इथल्या खारव्यांनी समुद्रात होड्या घालणे थांबवले. आमचा पास १ डिसेंबरपासून पंधरा दिवसांचा होता. आजी म्हणाली, माझी काळजी करू नका, शेजारची मुलगी रात्री झोपायला येईल. त्या दिवशी नाक्यावर नेहमीपेक्षा कमी माणसे होती. बोचकी नेहमीप्रमाणेच सोडली गेली आणि पासावर शिक्का बसला.

बाबा ७ तारखेला आले, दोन दिवस उशिरा. बेळगावच्या बाजूला सगळ्या गाड्या लष्करासाठी घेतल्यासारख्या झाल्या होत्या, स्थानकांवर नुसते सैनिक आणि सामान होते, असे ते सांगत होते. छापखान्याच्या मालकांनीच त्यांना महिन्याची रजा देऊन सांगितले होते की या वेळी घरी जाऊन ये. मामाचे लग्न मार्गशीर्षाच्या पहिल्याच आठवड्यात लागले. मला त्या लग्नातल्या जेवणापेक्षा हे जास्त आठवते की पंक्तीत वाढायला बाबा होते आणि दादा त्यांच्या मागे मिठाची वाटी घेऊन फिरत होता. दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता. बाबांच्या खांद्यापर्यंत आला होता, आणि त्यांच्याशी काय बोलावे हे त्याला मुळीच समजत नव्हते. बाबांनाही ते समजत नसावे. शेवटी त्यांनी त्याला नारळाच्या हिशेबाची वही आणायला सांगितले आणि दोघे जण ती सहा वर्षांची वही पानागणिक बघत एक अख्खी दुपार बसले.

आमच्या पासाची मुदत १५ तारखेला संपत होती. १४ ला सकाळी आम्ही बोचकी घेऊन माजाळीला गेलो, तेव्हा तिथल्या शिपायाने आईला बाजूला घेऊन सांगितले की बाई, दोन-चार दिवस पलीकडे जाऊ नका. कारण त्याने सांगितले नाही, पण रस्त्याच्या कडेला माडांच्या आडोशाला लष्कराच्या मोटारी उभ्या होत्या. आई तिथेच उभी राहिली. तिच्यापुढे प्रश्न असा होता की मुदतीनंतर गेली तर पुढचा पास मिळणार नाही, कदाचित याहून वाईट होईल, आणि न गेली तर आजी पलीकडे एकटी आहे. शिपाई तिला परत परत तेच सांगत होता. शेवटी ती वळली. सदाशिवगडपर्यंतच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "सात वर्षांत एकसुद्धा तारीख चुकवली नव्हती," ती म्हणाली.

१७ तारखेच्या रात्री शुक्ल पक्षातले चांगले चांदणे होते. मध्यरात्रीनंतर मोटारींचे आवाज आले आणि घरातली माणसे दिवा न लावता ओसरीवर येऊन बसली. आमच्या बाजूने गेली ती लहानशी तुकडी होती. खरे सैन्य उत्तरेकडून आणि पूर्वेकडून, दोडामार्ग आणि अनमोडच्या बाजूंनी शिरत होते, आणि माजाळीची चाल शत्रूचे लक्ष दक्षिणेकडे ओढण्यासाठी होती, हे मी मोठेपणी वाचले. त्या रात्री आम्हाला वाटत होते की सगळे भारतीय सैन्य लोलयेलाच चालले आहे. १८ च्या सकाळी समुद्राकडून तोफांचे आवाज सुरू झाले. खिडक्यांची तावदाने थरथरत होती. मामा आणि दादा गडाच्या टेकडीवर धावले आणि त्यांनी अंजदीवच्या बाजूला धूर पाहिला. भारतीय नौदलाचे सात जण त्या दिवशी त्या बेटावर मारले गेले. आई त्या सगळ्या वेळात देवघरासमोर बसून होती. ती देवाचे नाव घेत नव्हती. ती पास, परवानगी, रेजेदोराचा दाखला, फोटोची दुसरी प्रत, असे सगळे कागद एकेक करून पिशवीतून काढत होती आणि पुन्हा क्रमाने लावत होती.

१९ ला दुपारी बाबा म्हणाले, आता निघू या. आई म्हणाली, "तुमचं नाव त्यांच्या वहीत आहे, आणि ती वही मिटली असं अजून मला कुणी सांगितलेलं नाही." घरातल्या सगळ्यांसमोर नवऱ्याला असे अडवलेले मी तिला पहिल्यांदाच पाहिले. बाबा गप्प बसले. त्याच संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी वास्कोला शरणागती पत्करली. शेवटपर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम त्यांनी मानला नाही, आणि या एका गोष्टीसाठी त्या परक्या माणसाविषयी माझ्या मनात आदर आहे. आम्हाला ही बातमी रेडिओवरून समजली. आईने ती एकदा ऐकली, पुन्हा दुसऱ्या घरी जाऊन ऐकली, आणि मग म्हणाली, सकाळी निघू.

२० डिसेंबरला उजाडताना आम्ही चौघे निघालो. बाबांजवळ एकही कागद नव्हता. आईजवळ पिशवी होती आणि तिच्यातल्या पासाची मुदत संपून पाच दिवस झाले होते. माजाळीला सैनिकांनी कुठे जाता एवढेच विचारले. बाबांनी सांगितले, "घरी." रिकाम्या पट्ट्यातून आम्ही चाललो तेव्हा इतर पुष्कळ लोक दोन्ही दिशांनी चालले होते, कुणी ओरडत होते, कुणी नुसतेच भरभर चालत होते, एक म्हातारा डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन पलीकडून येत होता. पोळेचा नाका उघडा होता. बाक तिथेच होता, त्यावर एक दौत सांडलेली होती, खोलीत कुणी नव्हते. लोक न थांबता पुढे जात होते. आई मात्र सवयीने बाकाजवळ थांबली, तिने बोचके खाली ठेवले आणि त्याची गाठ सोडायला घेतली. बाबांनी तिचा हात धरला नाही की काही सांगितले नाही. ते तिच्या शेजारी उभे राहिले. तिने गाठ अर्धी सोडली, आत पाहिले, मग पुन्हा बांधली, आणि ते बोचके या वेळी बाबांच्या हातात दिले. त्या पट्ट्यानंतर पहिल्यांदा ती मागे वळली आणि माजाळीच्या दिशेने बराच वेळ बघत राहिली.

लोलयेच्या वाटेवर लोक बाबांना ओळखत होते आणि ओळखतही नव्हते. "पाकले गेले," असे प्रत्येक जण आम्हाला सांगत होता, जणू आम्हाला ते ठाऊक नसावे. आजी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. दोन रात्री तिने शेजारच्या मुलीला घेऊन देवळात काढल्या होत्या आणि आदल्या दिवशीच घरी परतली होती. तिने आधी आम्हा मुलांना पाहिले, मग आईला, मग मागे उभ्या असलेल्या माणसाला. ती उठली नाही. तिने सुपाऱ्यांवरचा हात काढून पदराला पुसला आणि त्यांना विचारले,

"कितले दीस दिल्यात?"

सात वर्षांत आमच्यापैकी कुणीही सीमेवरून गेले-आले की आजी हेच विचारत असे, किती दिवस दिले. बाबा पायरीपाशी वाकून पाय धूत होते आणि त्यांना बोलता येत नव्हते. उत्तर आईने दिले. "दीस दिवपी आतां कोणूच ना," ती म्हणाली, आणि कागदांची पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली.

बाबा पुढे सोळा दिवस राहिले, रजा होती तेवढे. ५ जानेवारीला त्यांना पोहोचवायला आई पोळेपर्यंत चालत गेली आणि दुपारच्या जेवणाला परत आली.